डी ड्राइव्हवर ठेवलं म्हणजे सुरक्षित ठेवलं, हे शिकवणं थांबवा

किनवटमध्ये नवा संगणक घेतला की दुकानदार त्यावर विंडोज टाकतो, दोन-तीन पार्टिशन पाडून देतो आणि गिऱ्हाइकाला सांगतो: महत्त्वाचं सगळं डी ड्राइव्हवर ठेवा, सी उडाली तरी डी राहते. क्लासमध्ये हेच सांगतात, शाळेच्या कार्यालयात हेच सांगतात, लग्नाचं शूटिंग करणारा आपल्या हाताखालच्या पोराला पहिल्याच दिवशी हेच सांगतो. हा सल्ला अर्धा खरा आहे, म्हणून तो पूर्ण खोट्या सल्ल्यापेक्षा जास्त धोक्याचा आहे. सी आणि डी ही अक्षरं नेमकी कोणत्या डिस्कची, हे न बघता तो दिला जातो. ते कसं बघायचं हे कुणी शिकवत नाही, आणि शिकवायला हवं असं म्हटलं तर 'सामान्य माणसाला त्याची गरज नाही' असं उत्तर मिळतं. मला त्या उत्तराचा प्रतिवाद करायचा आहे.

अर्धं खरं काय, ते आधी मान्य करतो. विंडोज एक्सपी २००१ साली आली. त्यानंतरची कितीतरी वर्षं पेन ड्राइव्हमधून व्हायरस यायचे, विंडोज बसायची आणि इलाज एकच असायचा, फॉरमॅट मारा. फॉरमॅट सी ड्राइव्हला मारायचा, त्यामुळे डीवरच्या फायली वाचायच्या. त्या काळच्या त्या दुखण्यावर हा उपाय बरोबर होता, आणि ज्यांनी तो गावोगाव पोचवला त्यांनी लोकांचं भलंच केलं. पण दुखणं विंडोजचं होतं, डिस्कचं नव्हतं. दुखणी बदलली, उपाय मात्र तोच राहिला, आणि हळूहळू लोक त्याला 'बॅकअप' म्हणू लागले.

तो बॅकअप का नाही, हे स्वतःच्या संगणकावर बघता येतं. स्टार्टच्या बटणावर उजवी क्लिक करून डिस्क मॅनेजमेंट उघडा. खालच्या भागात प्रत्येक खऱ्या डिस्कची एक आडवी पट्टी दिसते, डाव्या टोकाला 'डिस्क ०', 'डिस्क १' असं लिहिलेलं असतं आणि पट्टीत तिचे तुकडे दिसतात. आपल्याकडच्या बहुतेक घरगुती आणि दुकानातल्या संगणकांत सी आणि डी एकाच पट्टीत असतात, डिस्क ० च्या. म्हणजे दोघींची मोटर एक, वाचणारं डोकं एक, सर्किट एक. दोन कप्प्यांच्या कपाटाला आग लागली तर वरचा कप्पा जळाला आणि खालचा राहिला असं होत नाही. लॅपटॉप टेबलावरून पडला, विजेचा झटका बसला, एसएसडीचा कंट्रोलर गेला, लॅपटॉप चोरीला गेला, तर सी आणि डी एकाच क्षणी जातात. फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस शिरला तर तोही सीवर थांबत नाही. दिसेल त्या प्रत्येक ड्राइव्हवर, डी, ई, लावून ठेवलेल्या पेन ड्राइव्हवर, तो सारखाच हात फिरवतो.

मग इथे काय पणाला लागलेलं असतं ते बघा. किनवट हा पैनगंगेकाठचा, तेलंगणाच्या सीमेला लागलेला तालुका. गोंड, कोलाम, प्रधान, आंध, बंजारा, तेलुगू बोलणारी कुटुंबं, असा हा मुलूख. इथल्या मुलाला आदिवासी असल्याचं प्रमाणपत्र आणि पुढे त्याची पडताळणी करून घ्यायची, तर ६ सप्टेंबर १९५० च्या आधीचे पुरावे सगळ्यात वजनदार ठरतात. तेव्हा हा भाग निजामाच्या राजवटीतून नुकताच सुटलेला. त्यामुळे आजोबा-पणजोबांचे कागद निजामकाळातले, कधी उर्दूतले, कडा झडलेले, एका घडीत दोन ठिकाणी फाटलेले. असा कागद कुटुंबाकडे बहुधा एकच असतो. तो गावातल्या मल्टी सर्व्हिसेसच्या दुकानात स्कॅन होतो आणि मूळ कागद घरी पावसात भिजला की तो स्कॅन हीच त्याची एकमेव प्रत उरते. वनहक्काच्या दाव्यांचंही तसंच. २००६ च्या कायद्याप्रमाणे १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून जमीन ताब्यात आहे हे दाखवायचं असतं, आणि त्याचे नकाशे, जबाब, पंचनाम्यांचे फोटो कुणाच्या तरी संगणकावर 'दावे' नावाच्या फोल्डरमध्ये पडलेले असतात. ते फोल्डर कुठे आहे विचारा. उत्तर ठरलेलं आहे: डीवर आहे, सेफ आहे.

सातबारा सरकारी सर्व्हरवर आहे, तो हरवणार नाही. पण गोंडी आणि कोलामी बोलणाऱ्या म्हाताऱ्या माणसांची गाणी, कथा, देवकार्याच्या वेळची कथनं कुणी रेकॉर्ड करून आणली असतील, तर ती कोणत्याच सरकारी सर्व्हरवर नाहीत. गाणारी व्यक्ती गेली की ती फाईल पुन्हा तयार होणार नाही. 'गेला तर गेला डेटा, पुन्हा बनवू' हे ज्यांना परवडतं, त्यांच्यासाठी मी हे लिहीत नाही.

आता दुसरं उत्तर. 'डी म्हणजे डी, ई म्हणजे ई. अक्षर समोर दिसतंय, त्यामागची डिस्क शोधत बसायचं कशाला?' असं विचारणाऱ्याचा समज असा असतो की ते अक्षर डिस्कचं नाव आहे. ते नाव नाही. ही पद्धत सीपी/एम या १९७० च्या दशकातल्या गॅरी किल्डॉलच्या ऑपरेटिंग सिस्टीममधून डॉसमध्ये आली. फ्लॉपीच्या खाचांना ए आणि बी म्हणायचे. मार्च १९८३ मध्ये आयबीएमचा पीसी एक्सटी १० एमबीची हार्ड डिस्क घेऊन आला, तोवर ए आणि बी फ्लॉपीकडे गेलेली होती, म्हणून तिच्या वाट्याला सी आलं. चाळीस वर्षं झाली, फ्लॉपी गेली, आणि आपण अजून सीपासूनच मोजतो. हे अक्षर डिस्कवर कुठेही लिहिलेलं नसतं. ते विंडोजच्या रजिस्ट्रीत, 'माउंटेड डिव्हायसेस' नावाच्या जागी, त्या एका संगणकापुरतं नोंदलेलं असतं. तीच बाहेरची हार्ड डिस्क शेजारच्या संगणकाला लावा, तिथे तिला वेगळं अक्षर मिळेल. विंडोज नव्याने टाका, जुनी नोंद पुसली जाईल. ती डिस्क लावलेली नसताना दुसऱ्या कुणी ते अक्षर घेतलं, तर परत आल्यावर तिला पुढचं घ्यावं लागेल. म्हणजे अक्षर म्हणजे त्या संगणकाने त्या वेळी दिलेली जागा.

याचा त्रास कुठे होतो ते एखाद्या लग्नाच्या हंगामात स्टुडिओत बसून बघा. कॅननच्या कॅमेऱ्यात फॉरमॅट केलेल्या कार्डाला कॅमेरा 'ईओएस_डिजिटल' असं नाव देतो. समजा दोन कॅमेरे, दोन ६४ जीबीची कार्डं, दोन कार्ड रीडर. संगणकावर दोन ड्राइव्ह येतात, दोघींचं नाव एकच, दोघींचा आकार एकच, फरक फक्त ई आणि एफचा. कोणती हळदीची आणि कोणती लग्नाची? जे कार्ड आधी लावलं त्याला बहुधा आधीचं अक्षर मिळालं असेल. पण मध्ये एक काढून पुन्हा लावलं असेल तर? एक कार्ड कॉपी झालं, दुसरं कॉपी करताना चहा आला, परत येऊन ई रिकामी केली. अक्षर वाचता येणं आणि कार्ड ओळखता येणं यात इतकं अंतर आहे, आणि त्या अंतरात एखाद्या कुटुंबाचं अख्खं लग्न सांडू शकतं.

या वादातली सगळ्यात महत्त्वाची जागा पुढे आहे. ज्या क्षणी चूक परत घेता येत नाही, नेमक्या त्या क्षणी अक्षरं दिसतच नाहीत. विंडोज नव्याने टाकताना सेटअप विचारतो, कुठे टाकू? तिथे सी, डी असं काही लिहिलेलं नसतं. 'ड्राइव्ह ० पार्टिशन १', 'ड्राइव्ह ० पार्टिशन ३', 'ड्राइव्ह १ पार्टिशन २' अशी यादी असते आणि पुढे आकार. ज्याला आयुष्यभर फक्त अक्षरं शिकवली, तो इथे आंधळा होतो. पूर्वी एकच डिस्क असायची तेव्हा अंदाज चालून जायचा. आता आमच्याकडे सगळ्यात जास्त होणारं काम म्हणजे जुन्या लॅपटॉपला एसएसडी बसवणं, आणि जुनी हार्ड डिस्क डीव्हीडीच्या जागी कॅडीत घालून परत देणं. लॅपटॉप जोरात चालतो, गिऱ्हाईक खूश. पण आता त्यात दोन डिस्क आहेत. ड्राइव्ह ० एसएसडीच असेल याची कुणीही हमी दिलेली नाही. कोणती आधी मोजायची हे बोर्ड, बायॉस आणि कोणती कुठे जोडली यावर ठरतं. दहा लॅपटॉपमध्ये ० म्हणजे एसएसडी निघाली म्हणून अकराव्यातही ती तशीच निघेल असं धरून 'डिलीट' दाबणाऱ्याने डिस्क ओळखलेली नसते, सवय ओळखलेली असते.

विंडोज सुरू होत नाही म्हणून दुरुस्तीच्या पडद्यावर गेलात, तर तिथे अक्षरं दिसतात पण सरकलेली असू शकतात. रोजची सी तिथे डी किंवा ई म्हणून येऊ शकते. मग रोजच्या सवयीने 'डीवर माझं सगळं आहे' असं समजून आज्ञा दिली, तर ती भलत्याच ठिकाणी चालते.

आणि डिस्कपार्ट, म्हणजे आज्ञा लिहून डिस्कची मांडणी बदलण्याचं विंडोजमधलं साधन. बूटेबल पेन ड्राइव्ह कसा बनवायचा हे शिकवणारे हिंदी आणि मराठी व्हिडिओ ढिगाने आहेत. त्यातले पुष्कळसे सांगतात: लिस्ट डिस्क, मग सिलेक्ट डिस्क १, मग क्लीन. व्हिडिओ बनवणाऱ्याच्या संगणकात डिस्क १ म्हणजे त्याचा पेन ड्राइव्ह होता. बघणाऱ्याच्या लॅपटॉपमध्ये डिस्क १ म्हणजे कॅडीतली ती जुनी हार्ड डिस्क असेल, आणि पेन ड्राइव्हचा क्रमांक २ असेल. 'क्लीन' ही आज्ञा 'खरंच करू का?' असं विचारत नाही. ती डिस्कवरचा पार्टिशनचा तक्ताच पुसते. हे टाळायला लिस्ट डिस्कच्या यादीतला आकाराचा रकाना वाचणं एवढंच लागतं. १६ जीबीचा पेन ड्राइव्ह १४ च्या आसपास दिसेल, ५०० जीबीची डिस्क ४६५, १ टीबीची ९३१. कंपनी १ टीबी म्हणजे १ लाख कोटी बाइट मोजते, विंडोज १०२४ च्या पटीत मोजते, म्हणून हा फरक. एवढं जरी क्लासमध्ये सांगितलं असतं, तर ४६५ समोर बघून कुणाचं बोट क्लीनवर गेलं नसतं.

इथे काही जण म्हणतात, त्यासाठीच तर नवी साधनं आली आहेत, रूफससारखं साधन हार्ड डिस्क यादीत दाखवतच नाही, फक्त काढता येण्याजोगे ड्राइव्ह दाखवतं. बरोबर आहे, आणि ते चांगलंच आहे. पण त्यात बाहेरच्या हार्ड डिस्क दाखवण्याची एक चौकट आहे, आणि ती टिक करायला सांगणारा व्हिडिओही असतोच. शिवाय एकाच वेळी दोन पेन ड्राइव्ह लावलेले असतील तर त्यातला कोणता पुसायचा हे शेवटी माणसालाच सांगावं लागतं.

लिनक्स वापरणारे आपल्याला या भानगडीतून मुक्त समजतात. त्यांचं म्हणणं, आमच्याकडे अक्षरं नाहीत, खरी नावं आहेत: एसडीए, एसडीबी. मला त्यांच्याशीही तितकंच ठामपणे वाद घालायचा आहे, कारण शाळांच्या प्रयोगशाळांत आणि होतकरू मुलांच्या जुन्या संगणकांवर लिनक्स येतंय, ते यायला हवंय, आणि तिथे हीच चूक नव्या वेशात शिकवली जातेय. एसडीए हे नावसुद्धा कर्नलने डिस्क सापडतील त्या क्रमाने दिलेलं असतं. संगणक बंद करून चालू केला, मध्ये एक पेन ड्राइव्ह लावलेला राहिला, तर काल जी एसडीबी होती ती आज एसडीसी होऊ शकते. इतिहासही हेच सांगतो. जुन्या लिनक्समध्ये आयडीई डिस्कना एचडीए, एचडीबी म्हणायचे, आणि ते अक्षर निदान कोणत्या केबलवर, मास्टर की स्लेव्ह, हे सांगायचं. मग चालक बदलले आणि त्याच डिस्क एसडीए म्हणून दिसू लागल्या. २००७ च्या फेडोरा ७ या लिनक्समध्ये हा बदल आला तेव्हा ज्यांनी माउंटच्या यादीत (कोणती डिस्क कोणत्या फोल्डरात उघडायची ती यादी), म्हणजे एफएसटॅबमध्ये, एचडीए अशी नावं हाताने लिहून ठेवली होती, त्यांना त्या ओळी बदलाव्या लागल्या. डिस्क तीच, केबल तीच, नाव बदललं.

आणखी साधा पुरावा हवा असेल तर रेकॉर्डरमधलं एक एसडी कार्ड घ्या. लॅपटॉपच्या स्वतःच्या खाचेत घातलं तर लिनक्स त्याला बहुधा 'एमएमसीबीएलके०' म्हणतं. तेच कार्ड यूएसबीच्या कार्ड रीडरमधून लावलं की ते 'एसडीबी' होतं. कार्डात काहीच बदललं नाही. जे बदललं ती वाट. मग ते नाव कार्डाचं कसं?

लिनक्सकडे याचं खरं उत्तर आहे, पण ते नव्या मुलांना शेवटी सांगतात, किंवा सांगतच नाहीत. फाइल सिस्टीम तयार होताना तिच्यात एक लांब ओळखक्रमांक लिहिला जातो, यूयूआयडी. तो डिस्कसोबत फिरतो, कोणत्याही संगणकात तोच राहतो. कारखान्यातून आलेला मॉडेल आणि सीरियल क्रमांक असतो, तो डिस्कच्या चिकटपट्टीवरही छापलेला असतो. 'एलएसबीएलके' ही आज्ञा दिली की झाडासारखी मांडणी दिसते: डिस्क, तिचे पार्टिशन, आकार, आणि ते कुठे माउंट झालेत. तिलाच मॉडेल, सीरियल, लेबल, यूयूआयडी हे रकाने जोडून मागता येतात. कोणतं नाव कोणत्या खऱ्या वस्तूचं आणि ती वस्तू कोणत्या फोल्डरात उघडली आहे, हे एका पडद्यावर समोरासमोर येतं. माझी मागणी एवढीच आहे की लिनक्स शिकवताना फोल्डर बनवण्याच्या आधी ही आज्ञा शिकवा. (यूयूआयडीसुद्धा फसवतो, जेव्हा एका डिस्कची जशीच्या तशी प्रत दुसऱ्या डिस्कवर काढतात. मग दोघींचा क्रमांक एकच होतो. तेव्हा सीरियल क्रमांकच बघावा लागतो.)

हा मेळ घातला नाही तर काय होतं, याचं सगळ्यात वाईट उदाहरण लिनक्समधलंच आहे. रोज रात्री बॅकअप घेणारी स्क्रिप्ट लिहिली, बाहेरची डिस्क 'बॅकअप' नावाच्या फोल्डरात माउंट होते असं धरून. एक दिवस डिस्कची वायर सैल झाली, ती माउंट झाली नाही. फोल्डर मात्र तिथेच आहे, रिकामं. स्क्रिप्ट त्यात निमूटपणे फायली ओतत राहते, आणि त्या फायली जातात संगणकाच्या स्वतःच्याच डिस्कवर, जिच्यापासून त्यांना वाचवायचं होतं. कुठे चूक दाखवली जात नाही. फोल्डर उघडून पाहिलं तर कालची तारीख दिसते. बॅकअपचा देखावा पूर्ण, बॅकअप शून्य. स्क्रिप्टच्या सुरुवातीला एक ओळ हवी, जी विचारेल की या फोल्डरात खरंच कुठली वेगळी डिस्क उघडली आहे का, आणि ती अपेक्षित यूयूआयडीची आहे का, नसेल तर थांब. विंडोजमध्येही ईवर बॅकअप घेणारं वेळापत्रक लावलं, आणि त्या दिवशी ई म्हणजे गिऱ्हाइकाचा पेन ड्राइव्ह असला, तर तुमच्या दुकानातली सगळी कागदपत्रं त्याच्यासोबत त्याच्या गावाला जातील.

'हे तज्ज्ञांचं काम आहे' हे आणखी एक उत्तर. त्याला दोन बाजूंनी उत्तर देता येतं. एक, तज्ज्ञसुद्धा सारख्या दिसणाऱ्या नावांना फसतात. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या जगभर वापरल्या जाणाऱ्या सेवेच्या एका अभियंत्याला दुसऱ्या क्रमांकाच्या डेटाबेस सर्व्हरवरचं फोल्डर रिकामं करायचं होतं. आज्ञा चालली पहिल्या, चालू असलेल्या सर्व्हरवर. दोघांच्या नावात एका आकड्याचा फरक होता. सुमारे ३०० जीबी डेटा सेकंदात पुसला गेला, आणि मग कळलं की बॅकअपच्या पाच वेगवेगळ्या व्यवस्थांपैकी एकही भरवशाने चालत नव्हती. योगायोगाने काही तास आधी घेतलेल्या एका प्रतीवरून काम सावरलं, तरी जवळपास सहा तासांचा डेटा कायमचा गेला. कंपनीने हे सगळं उघड लिहून ठेवलं, हे तिचं मोठेपण. जिथे एवढी पगारी माणसं रात्रंदिवस लक्ष ठेवून असतात तिथे हे घडतं, तर मल्टी सर्व्हिसेसच्या दुकानात एकट्याने बसणाऱ्या मुलाला 'तुला याची गरज नाही' असं सांगणारे आपण कोण?

दुसरी बाजू किनवटची आहे. इथे तज्ज्ञ हाकेच्या अंतरावर नाही. डिस्क उघडून डेटा काढणारी प्रयोगशाळा लागली तर पुणे किंवा हैदराबाद. नांदेडला साधी तपासणी करायची म्हटली तरी मुदखेडच्या गाडीने किंवा भोकरमार्गे एसटीने जाऊन येण्यात दिवस मोडतो. एसएसडीवरच्या पुसलेल्या फायली तर बहुतेक वेळा तज्ज्ञालाही परत मिळत नाहीत, कारण पुसलेली जागा ती स्वतःच पुढच्या कामासाठी साफ करून ठेवते. शहरातल्या माणसाला अज्ञान परवडू शकतं, त्याच्या शेजारी मदत आहे. मदत जितकी लांब, तितकं हे ज्ञान जवळ हवं. आपण नेमकं उलटं करतो: मदत लांब असलेल्या मुलाला अर्धवट शिकवतो.

शेवटी क्लाउडवाले. 'आता सगळं ऑनलाइन ठेवा, डिस्कची कटकटच नको.' स्कॅन केलेले कागद ऑनलाइन ठेवावेत, मी स्वतः तसंच सांगतो, गूगलच्या १५ जीबी मोफत जागेत एका कुटुंबाचे सगळे पुरावे सहज मावतात. पण एका लग्नाचं शूटिंग २०० जीबी धरा आणि अपलोडचा वेग सलग ५ एमबीपीएस मिळतो असं उदारपणे धरा. एकही खंड न पडता ते वर जायला जवळपास पावणेचार दिवस लागतात. इथे दिवसातून एकदा तरी वीज जाते. आणि जे वर जातंय ते कोणत्या फोल्डरातून जातंय, ते फोल्डर कोणत्या डिस्कवर आहे, हा प्रश्न क्लाउडने सुटत नाही. फोल्डर खालून रिकामं झालं की वरचंही रिकामं करणारी व्यवस्था असते, आणि लोक तिलाही बॅकअपच समजतात.

एमएस-सीआयटी २००१ पासून महाराष्ट्रात आहे. नोकरीसाठी का होईना, या आणि अशा अभ्यासक्रमांनी आपल्या खेड्यांतल्या लाखो हातांना माउस धरायला शिकवलं, आणि त्याबद्दल मला आदर आहे. म्हणून संगणक शिकवणाऱ्या प्रत्येकाकडे माझं मागणं आहे ते नव्या विषयाचं नाही, क्रम बदलण्याचं आहे. पहिल्या आठवड्यात विद्यार्थ्याला संगणकासमोर बसवा, दोन सारखे पेन ड्राइव्ह द्या, आणि विचारा: यातला कोणता ई आहे? एक काढून, आकार बघून, लेबल बघून, डिस्क मॅनेजमेंटमध्ये क्रमांक जुळवून त्याने उत्तर द्यावं. मग विचारा: तुझा डी ड्राइव्ह कोणत्या डिस्कवर आहे, आणि ती डिस्क गेली तर काय उरेल? प्रात्यक्षिक परीक्षेत हे दोन प्रश्न सक्तीचे करा. ज्याला जमलं नाही त्याच्या हाती दुसऱ्याचा लॅपटॉप फॉरमॅटला देऊ नका.

दुकानदारांना आणखी एक गोष्ट लगेच करता येईल. गिऱ्हाइकाला डी पाडून देण्याऐवजी वेगळी डिस्क घ्यायला सांगा, आणि विकताना तिला नाव देऊन मगच हातात द्या. एक्सफॅट डिस्कच्या लेबलला ११ अक्षरांची जागा असते, एनटीएफएसला ३२, आणि दोन्हींत देवनागरी चालते. त्यात काना, मात्रा, वेलांटी वेगळी मोजली जाते. 'किनवट' लिहिलं की पाच जागा जातात, सहा उरतात. एक मोकळी सोडून तिथे वर्ष आणि डिस्कचा क्रमांक बसतो: 'किनवट २०२५अ'. तेच नाव मार्करने डिस्कच्या पाठीवर लिहा, सीरियल क्रमांकाच्या चिकटपट्टीचा फोटो काढून गिऱ्हाइकाच्या फोनवर पाठवा, आणि एक नाव दोन डिस्कना देऊ नका.